खिशांतील गाणीं

मागें पडलेल्या वस्तूंविषयीं मनुष्यास वाटणारी ओढ ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. आमच्या आजोबांच्या पिढीस ग्रामोफोनच्या तबकड्यांची आठवण येई. वडिलांच्या पिढीस दिवाणखान्यांतील मोठ्या रेडिओची येई. आतां ती पाळी आमच्या पिढीवर, म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांच्या पिढीवर, आली आहे. चाळिशीच्या आसपासचे दोन स्नेही निवांत बसले म्हणजे केव्हां ना केव्हां बोलणें एका बोटभर लांबीच्या यंत्रावर येतें, आणि ‘तुझ्या प्लेअरमध्यें किती गाणीं मावत?’ असा प्रश्न निघतो. त्या यंत्रास एमपीथ्री प्लेअर म्हणत. सकाळीं बोरीवलीच्या फलाटावर पाहिलें तर आजही शेंकडों लोकांच्या कानांत हेडफोन दिसतात. पण तीं गाणीं येतात तीं मोबाइलमधून. गाणीं ऐकविण्यापलीकडे दुसरा व्यवसायच ज्यास ठाऊक नव्हता, तें लहानसें यंत्र आतां दिसत नाहीं. आमच्या वर्गांतील बहुतेक मुलांनीं तर तें पाहिलेलेंही नाहीं. म्हणून तें यंत्र काय होतें, कोणत्या युक्तीनें चालत असे, तें गेलें कां, आणि त्याच्या आठवणींत खरें किती व तारुण्याचा मोह किती, याचा थोडा विचार या लेखांत करूं म्हणतों.

गाणें अंगाबरोबर घराबाहेर नेतां यावें ही इच्छा जुनीच. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट काढली, व १ जुलै १९७९ रोजीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन विक्रीस आणिला, तेव्हां ती इच्छा पुष्कळ अंशीं पुरी झाली. परंतु कॅसेटची फीत यंत्रांत अडके, ताणली जाई, आणि बाहेर आलेली फीत भोंकांत पेन्सिल घालून पुनः गुंडाळीत बसणें हा त्या काळच्या मुलांचा नित्याचा उद्योग होऊन बसला होता. पुढें १९८२ सालीं काँपॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, आली. तिचा आवाज स्वच्छ. परंतु ती फिरत असतां तिच्यावरील सूक्ष्म खुणा प्रकाशाच्या किरणानें वाचाव्या लागतात, त्यामुळें धक्का बसला कीं गाणें अडखळे. आणि विरारहून भरून आलेल्या गाडींत सकाळीं बोरीवलीस शिरणाऱ्या मनुष्यास धक्का बसूं नये, हें कसें घडावें? ज्यांत कांहींच फिरत नाहीं व हलत नाहीं, असें साधन पाहिजे होतें.

तें तयार होण्याच्या मार्गांत दोन अडचणी होत्या. पहिली अडचण ध्वनीच्या आकारमानाची. ध्वनि अंकांत लिहितां येतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. ध्वनीची लाट दर सेकंदास ठराविक वेळां मोजावयाची व प्रत्येक मोजणीचा आंकडा लिहून ठेवावयाचा, ही ती रीत. सीडीवर ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळां होते; प्रत्येक आंकड्यास १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक यांचीं १६ घरें, लागतात; आणि डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात. गुणाकार केला म्हणजे सेकंदास १४,११,२०० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, या हिशेबानें एका मिनिटाच्या गाण्यास एक कोटीहून अधिक बाइट, म्हणजे सुमारें दहा मेगाबाइट जागा लागते. १९९८ सालीं खिशांत मावेल अशा यंत्रांत ३२ मेगाबाइट जागा बसविणें हीच मोठी मजल होती. म्हणजे सीडीवरील गाणें जसेंच्या तसें भरलें तर तीन मिनिटांतच यंत्र भरून जावयाचें!

यांतून वाट निघाली ती यंत्राच्या नव्हे, तर मनुष्याच्या कानाच्या अभ्यासांतून. आपल्या बोरीवलीच्या फलाटावर दोघे मित्र बोलत उभे आहेत अशी कल्पना करा. इतक्यांत शेजारच्या रुळांवरून एखादी लांब पल्ल्याची गाडी धडधडत जाते. मित्र बोलतच आहे. त्याचे ओंठ हलतांना दिसतात. परंतु शब्द ऐकूं येत नाहीं. शब्द हवेंत आहे, कानापर्यंत पोंचतोही आहे. पण मोठ्या आवाजानें लहान आवाज झांकून टाकिला आहे. गाण्यांतही क्षणोक्षणीं असेंच चाललेलें असतें. तबल्यावर जोराची थाप पडते त्या क्षणीं, व तिच्या पाठोपाठच्या अगदीं अल्प काळांत, तिच्या आसपासचे कांहीं मंद ध्वनि आपणांस ऐकूं येत नाहींत. मग जें ऐकूंच येत नाहीं तें लिहून ठेवण्यांत जागा कां दवडावी? एमपीथ्री पद्धतीचा मुख्य विचार एवढाच. गाण्याचे बारीक बारीक तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यांत कोणता ध्वनि कोणास झांकतो तें गणितानें ठरवावयाचें, झांकलेल्यावरील खर्च तोडावयाचा, आणि वांचलेली जागा ऐकूं येणाऱ्यास द्यावयाची. अशा काटकसरीनें १४,११,२०० बिटांचें काम १,२८,००० बिटांत भागूं लागलें. म्हणजे अकरा शेरांचें ओझें एका शेरावर आलें.

हें गणित प्रामुख्यानें जर्मनींतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत सिद्ध झालें, व कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग हे त्या कार्यांतील एक अग्रणी होत. त्यांनीं आपल्या पद्धतीची कसोटी पाहण्यासाठीं सुझान वेगा या गायिकेचें, कोणत्याही वाद्याची साथ नसलेलें, एक गाणें घेतलें होतें. कारण एकट्या मानवी कंठांत कांहीं बिघाड झाला तर तो कानास तत्काळ कळतो. १४ जुलै १९९५ रोजीं या संस्थेंत अशा फायलींच्या नांवाअखेर ‘एमपीथ्री’ हीं अक्षरें लावावयाचें ठरलें, आणि तेंच नांव पुढें जगभर रूढ झालें.

दुसरी अडचण सांठवणीची. वीज बंद केली तरी लिहिलेलें पुसूं नये, व आंत कांहीं फिरूं नये, अशी सांठवण पाहिजे होती. ती जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधून काढिली. तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. तिच्यांत असंख्य सूक्ष्म कोठ्या असतात, व त्यांत थोडथोडा विद्युद्भार कोंडून ठेवितां येतो. कोठींत भार आहे किंवा नाहीं यावरून यंत्र शून्य किंवा एक वाचतें. कोठीच्या भिंतींतून वीज सहसा जात नाहीं, म्हणून कोंडलेला भार वर्षानुवर्षें आंत राहतो. वर्षानुवर्षें राहतो, निरंतर राहत नाहीं, हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

या दोन शोधांची गांठ १९९८ सालीं पडली. त्या वर्षीं दक्षिण कोरियांतील सेहान कंपनीचा एमपीमॅन व अमेरिकेंतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीचा रिओ हे प्लेअर बाजारांत आले. रिओची किंमत २०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें साडेआठ हजार रुपयांच्या आसपास होती; त्यांत ३२ मेगाबाइट जागा असे, व तो एका पेन्सिल सेलवर चाले. आतां आपल्या गांवाच्या मापानें हिशेब करूं. वर सांगितलेल्या पद्धतीच्या गाण्यास मिनिटाला एक मेगाबाइटहून किंचित् कमी जागा लागते. म्हणजे ३२ मेगाबाइटांत सुमारें ३५ मिनिटें. बोरीवलीहून चर्चगेट ३४ किलोमीटर. जलद गाडीनें निघालेल्या प्रवाशाचीं सारीं गाणीं दादरच्या आसपास संपावयाचीं, व पुढचा प्रवास त्यानें तींच पुनः पहिल्यापासून ऐकत करावयाचा!

रिओ निघतांच अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांच्या संघानें ऑक्टोबर १९९८ मध्यें त्याच्याविरुद्ध न्यायालयांत धांव घेतली. परंतु जून १९९९ मध्यें अपील न्यायालयाचा निकाल संघाच्या विरुद्ध लागला. आपल्याजवळचें गाणें स्वतःच्या ऐकण्यासाठीं एका साधनावरून दुसऱ्या साधनावर नेणें यांत गैर नाहीं, असा त्याचा आशय होता. त्यामुळें मागून येणाऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. फ्लॅश मेमरी त्या काळीं महाग पडे, म्हणून कांहीं कंपन्यांनीं निराळी वाट धरली व संगणकांतील फिरणारी हार्ड डिस्कच लहान करून आंत बसविली. त्यांत सर्वांहून प्रसिद्धि पावला तो ॲपल कंपनीचा आयपॉड. तो २३ ऑक्टोबर २००१ रोजीं स्टीव्ह जॉब्झ यांनीं जगापुढें मांडिला. पांच गिगाबाइट जागा, हजार गाणीं, व किंमत ३९९ डॉलर, म्हणजे तेव्हांचे सुमारें एकोणीस हजार रुपये. पस्तीस मिनिटांपासून हजार गाण्यांपर्यंतची ही मजल अवघ्या तीन वर्षांत गांठली गेली.

मुंबईच्या सामान्य मनुष्यानें मात्र रिओ कधीं पाहिला नाहीं, आणि आयपॉड पाहिला तो बहुधा दुसऱ्याच्या हातांत. आमच्या उपनगरांत एमपीथ्री प्लेअर घरोघरीं पोंचला तो पुढें चारपांच वर्षांनीं, चिनी बनावटीच्या स्वस्त रूपांत. लॅमिंग्टन रोडवरील दुकानें, क्रॉफर्ड मार्केटजवळचें मनीष मार्केट, आणि बोरीवलीकरांस घराजवळ म्हणजे स्टेशनालगतचें इंद्रप्रस्थ शॉपिंग सेंटर, अशीं तीं मिळण्याचीं ठिकाणें. पेन ड्राइव्हसारखा आकार, १२८ किंवा २५६ मेगाबाइट जागा, गळ्यांत अडकविण्यास दोरी, आंत एक बारीक पेन्सिल सेल, आणि दर्शनी बाजूस नखाएवढी निळसर प्रकाशाची पाटी. त्या पाटीवर देवनागरी अक्षरें बहुधा उमटतच नसत. मराठी गाण्यांचीं नांवें रोमन लिपींत लिहावीं लागत; आणि तीं लिहिण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी असल्यामुळें आपलेंच गाणें आपणांस शोधून सांपडत नसे. गाणीं भरणें हा सुटीच्या दिवसाचा उद्योग. घरीं संगणक असल्यास घरीं, नसल्यास सायबर कॅफेंत तासाचे पैसे मोजून बसावयाचें, आणि एकेक गाणें पलीकडे जाण्याची वाट पाहावयाची.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आठवणींच्या गोडव्यांत ती झांकूं नये. त्या प्लेअरांतील पुष्कळशीं गाणीं पैसे न देतां मिळविलेलीं असत. फूटपाथवर एकेका सीडीवर शंभर-दीडशें गाणीं भरून विकीत. त्यांतील एक पैही गायकास, कवीस किंवा वादकांस पोंचत नसे. एकेक गाणें रीतसर विकत घेण्याची सोय अमेरिकेंत २००३ सालीं ॲपलनें काढली, ती आपल्याकडे येण्यास डिसेंबर २०१२ उजाडला, हें खरें. परंतु कॅसेटी व सीडी दुकानांत होत्याच. सोय नसणें हें कारण झालें, समर्थन नव्हे. आणि आपल्या मुलांस ही गोष्ट सांगतांना पालकांनीं तेवढा भाग गाळूं नये.

पुढें या यंत्राचा अंत त्याच्याच धाकट्या भावंडानें केला. २००५ सालीं सोनी एरिक्सन कंपनीनें वॉकमन हें नांव धारण करणारा मोबाइल काढिला. मग हळूहळू प्रत्येक मोबाइल गाऊं लागला. एका खिशांत दोन यंत्रें कोण बाळगणार? २०१७ सालीं फ्राउनहोफर संस्थेनें एमपीथ्रीच्या परवान्यांचा व्यवहार थांबविला, व १० मे २०२२ रोजीं ॲपलनें आयपॉडच्या शेवटच्या प्रकाराचें उत्पादन संपविल्याचें जाहीर केलें. पद्धति अद्याप वापरांत आहे; पण केवळ तिच्यासाठीं केलेल्या यंत्राचा जमाना संपला.

असें हें यंत्र. आवाज सामान्य, जागा तुटपुंजी, नांवें वाचण्याची पंचाईत. मग त्याची आठवण एवढी कां येते? कोणी म्हणेल, तारुण्य गेलें त्याचीच ही हळहळ, यंत्र केवळ निमित्त. हें अंशतः खरें आहे. परंतु सर्वस्वीं खरें नाहीं. आमच्या मतें त्या यंत्राचा जो दोष तोच त्याचा मोठा गुण होता. जागा थोडी, म्हणून नवें गाणें घालावयाचें तर जुनें काढावें लागे. काढावयाचें कोणतें? एखादा अभंग कीं नाट्यगीत, आईस आवडणारें पद कीं महाविद्यालयांतील मित्रानें दिलेलें चित्रपटगीत? दर आठवड्यास मनुष्यास स्वतःला विचारावें लागे कीं, यांपैकीं मला खरोखर पाहिजे आहे तें कोणतें? या प्रश्नाचें उत्तर देतां देतां त्याची आवड घडत जाई. आणि निवडलेलें गाणें तो एकदां ऐकून सोडीत नसे. बोरीवली ते चर्चगेट व चर्चगेट ते बोरीवली, तेंच पुनःपुनः ऐके. त्यामुळें कडवीं पाठ होत. सारंगी कोठें येते, गायक श्वास कोठें घेतो, हेंही ओळखीचें होऊन जाई.

आजची स्थिति पाहा. ॲपलच्याच संगीतसेवेनें ऑक्टोबर २०२२ मध्यें आपल्या संग्रहांत दहा कोटि गाणीं झाल्याचें जाहीर केलें. प्रत्येक गाणें तीन मिनिटांचें धरलें, व झोंप, जेवण, शाळा सोडून रात्रंदिवस ऐकत बसलें, तरी तीं संपण्यास सुमारें पांचशें सत्तर वर्षें लागतील. एवढ्या भांडारापुढें उभें राहिलेलें मूल काय करतें? एक गाणें अर्ध्यांत सोडतें, दुसरें लावितें, तेंही सोडतें. आणि कांहीं वेळानें निवडण्याचें काम यंत्रावरच सोंपवून मोकळें होतें. शिवाय मध्येंच जाहिरात, मध्येंच निरोप, मध्येंच कोणाचा फोन. जुना प्लेअर गात असे तेव्हां केवळ गातच असे.

आमच्या मराठी मंडळींत ‘उपासना संगीत’ हें पुस्तक पुष्कळांच्या घरीं असतें. त्यांत शेंकडों पदें आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचींही आहेत. परंतु आमच्या वडीलधाऱ्या माणसांचा आधार हा पुस्तकांतील शेंकडों पदांचा नसे; पाठ असलेल्या दहापंधरांचा असे. आजारी माणसाच्या उशाशीं रात्र काढतांना त्यांस दिवा लावून पुस्तक उघडावें लागत नसे. जें गाणें आपण निवडलें, घोळलें व पाठ केलें, तेंच काय तें आपलें. बाकीचीं सारीं शेजारच्या दुकानांतील मालासारखीं; पाहिजे तेव्हां मिळतात, पण आपल्या घरचीं नव्हेत. लहान प्लेअर हा या बाबतींत, नकळत कां होईना, जुन्या वळणाचा शिक्षक होता.

तथापि त्याचे गोडवे गातांना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांतून भजनी मंडळांची प्रथा फार दिवसांची आहे. नोकरीस निघालेली माणसें एकाच डब्यांत जमतात, टाळ वाजतो, ढोलकी वाजते, एक सांगतो व दहा उचलतात. तेथें गाणें हें सर्वांचें असतें. ज्याचा गळा बेसूर त्यासही त्यांत जागा असते. तसेंच घरांत रेडिओ असे तेव्हां आजी, आई व मुलें तेंच गाणें एकाच वेळीं ऐकत, आणि त्यावर वादही घालीत. हेडफोन आला व प्रत्येकाभोंवतीं एक अदृश्य भिंत उभी राहिली. ही भिंत मोबाइलनें बांधिली असें म्हणून चालणार नाहीं. तिचा पाया वॉकमन व एमपीथ्री प्लेअर यांनींच घातला. मात्र त्या दिवसांत भिंतीस एक खिडकी होती. एक यंत्र दोघांत असे. हेडफोनचें एक टोंक आपल्या कानांत व दुसरें मित्राच्या, अशी जोडी डोकीं जवळ घेऊन फलाटावरील बांकावर बसलेली दिसे. वायर आंखूड, म्हणून मैत्री जवळची!

बाजारासही ही ओढ कळली आहे. सारेगामा कंपनीनें २०१७ सालीं ‘कारवां’ नांवाची पेटी काढिली. ती दिसण्यांत जुन्या रेडिओसारखी, आंत पांच हजार हिंदी गाणीं आधींच भरलेलीं, व ऐकण्यास इंटरनेटची गरज नाहीं. पुढें तिचा मराठी प्रकारही निघाला. ती वडीलमंडळींनीं हौसेनें घेतली. तिकडे कांहीं छंदिष्ट लोक जुने आयपॉड उघडून त्यांतील थकलेली डिस्क काढितात व तेथें मेमरी कार्ड बसवून तें यंत्र पुनः चालतें करितात. यावरून एवढें दिसतें कीं, माणसांस गाणीं कमी पडत नाहींत. गाणें स्वस्थपणें ऐकण्याची जागा कमी पडते.

येथवर गाण्यांचा विचार झाला. परंतु त्या यंत्रांत गाण्यांहूनही अमोल असें कांहीं राहून गेलें आहे, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच आहे. त्या स्वस्त प्लेअरांपैकीं पुष्कळांस टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र असे व त्यामागें मायक्रोफोन. बटण दाबलें कीं समोरच्याचा आवाज आंत लिहिला जाई. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची आजी खाडीपलीकडील गोराईची. ईस्ट इंडियन लोकांत लग्नाआधीं उंबराचें पाणी आणावयाची चाल आहे. त्या प्रसंगाचीं व हळदीचीं गाणीं तिला मुखोद्गत होतीं. २००६ च्या सुमारास तिच्या नातवानें, नव्या यंत्राची परीक्षा म्हणून, तीं गात असतां बटण दाबलें व पुढें तो तें विसरला. आजी वारली. कित्येक वर्षांनीं घर आवरतांना तो प्लेअर खणांत सांपडला. आंतील सेल फुटून पांढरी भुकटी पसरली होती. ती पुसून नवा सेल घातला तेव्हां पाटी उजळली. आजीच्या तीन फायली होत्या. त्यांपैकीं दोन उघडल्या, तिसरी उघडली नाहीं. जीं गाणीं उघडलीं त्यांत मागें भांड्यांचा आवाज आहे, कोंबड्याचें आरवणें आहे, आणि मध्येंच आजी हंसून ‘पुरे रे बाबा’ असें म्हणते तेंही आहे. तिसऱ्या फायलींत कोणतें गाणें होतें हें आतां त्या घरांत कोणासही सांगतां येत नाहीं.

वर आम्हीं म्हटलें कीं, फ्लॅश मेमरींतील भार वर्षानुवर्षें राहतो, निरंतर राहत नाहीं. कोठीच्या भिंती कितीही चांगल्या असल्या तरी काळ जातो तसतसा थोडाथोडा भार झिरपत असतो. उष्णतेनें ही गळती वाढते. एखाद्या दिवशीं यंत्रास एक कोणता व शून्य कोणता हें ओळखतां येईनासें होतें, आणि फाइल उघडत नाहीं. २००५-०६ सालचे प्लेअर आतां वीस वर्षांचे होत आले. ते एकदम मरत नाहींत. विसराळू वृद्धाप्रमाणें थोडें थोडें विसरत जातात.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, येत्या सुटींत घरांतील खण व माळे एकदां पाहावे. जुना प्लेअर सांपडला तर प्रथम त्यांतील सेल काढावा, व गळलेला असल्यास कोरड्या फडक्यानें जागा पुसावी. आंत बसविलेली बॅटरी फुगलेली दिसल्यास ती दाबूं नये, टोंचूं नये, चार्जही करूं नये. जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी. यंत्र संगणकास जोडल्यावर ‘फॉरमॅट करूं काय?’ असा प्रश्न आला तर होकार देऊं नये, कारण त्या एका होकारानें सर्व पुसलें जाण्याचा संभव असतो. आंतील फायली आधीं संगणकावर उतरवून घ्याव्या, मगच उघडून पाहाव्या. आणि एक प्रत घरांत व एक प्रत दुसरीकडे, अशा दोन प्रती ठेवाव्या. प्रत्येक फायलीस नांव द्यावें: आवाज कोणाचा, गांव कोणतें, साल कोणतें. पूर्वीं त्या निळ्या पाटीवर आपलीं अक्षरें उमटत नसत; आतां संगणकावर तें नांव खुशाल देवनागरींत लिहावें.

अशा कामाचें महत्त्व किती आहे याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातव्हां यांनीं खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लक्षाहून अधिक भरली. ज्या बायकांचीं नांवें कोठल्याही इतिहासांत यावयाचीं नव्हतीं त्यांचे शब्द, आणि कित्येकींचे आवाजही, त्यामुळें राहिले. २०१७ पासून ‘परी’ या संस्थेनें ते सर्वांस ऐकण्यास खुले केले आहेत. गिरणी आली व घरोघरचें जातें थांबलें. जात्याबरोबर ओवीही जावयाची होती. कोणी वेळेवर जाऊन लिहून घेतली म्हणून ती वांचली. प्रत्येक घरांत इतकें मोठें कार्य होणार नाहीं. परंतु एका आजीचीं तीन गाणीं राखणें प्रत्येकास शक्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, पवित्र शास्त्रांतील एलीयाची गोष्ट तुम्हीं ऐकिली आहे. डोंगरावर तो उभा असतां प्रथम प्रचंड वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नि आला. आणि ज्या वाणीची तो वाट पाहत होता ती या सर्वांच्या मागून, अगदीं मंद अशी, त्याच्या कानीं आली. मोठा आवाज लहान आवाजास झांकतो, हा कानाचा नियम आम्हीं वर सांगितला. तो नियम केवळ गाण्यास लागू नाहीं. जें नित्य मोठ्यानें वाजत आहे तें थांबविल्यावांचून मंद आवाज ऐकूं येत नाहीं. तुमच्या घरीं आजी-आजोबा असतील तर या सुटींत एका दुपारीं मोबाइलमधील बाकी सर्व बंद करा, त्यांच्याजवळ बसा, आणि त्यांस एखादें जुनें गाणें किंवा त्यांच्या गांवाची हकीकत विचारा. त्यांची संमति असेल तर ती त्याच मोबाइलवर लिहून घ्या, व तिला नांव देऊन जपून ठेवा. मात्र ती लिहिली जात असतांना तुम्हीं स्वतःही ती ऐकली पाहिजे. तें काम यंत्रावर सोंपवूं नका.